रशियन अभिजात साहित्य आणि डिजिटल साधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुश्किन, गोगोल, टॉलस्टॉय, दस्तयेव्हस्की, चेखव यांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास करणाऱ्या किंवा त्यांचे लेखन शिकवणाऱ्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी बहुतेक गोष्टी जमतात. ब्राउझर, एक स्प्रेडशीट आणि नोटपॅड प्लस प्लससारखा साधा संपादक एवढे पुरते.

मूळ रशियन मजकूर कुठून घ्यावा?

सोयीच्या ठिकाणी वाटेल तो मजकूर मिळतो, खात्रीच्या ठिकाणी आवृत्तीचे नावही मिळते. मक्सिम मश्कोव यांचे ऑनलाइन ग्रंथालय १९९४ पासून चालू आहे. भराभर वाचायला ते छान, पण फाइल नेमकी कोणत्या छापील आवृत्तीवरून आली हे तिथे दर वेळी कळत नाही. अभ्यासासाठी ‘रशियन व्हर्च्युअल लायब्ररी’ आणि ‘फेब’ या नावाने ओळखले जाणारे मूलभूत इलेक्ट्रॉनिक ग्रंथालय बघा. तिथे खंड आणि पान नोंदलेले असते, टीपाही असतात. टॉलस्टॉयपुरती तर चैनच आहे. १९२८ ते १९५८ या काळात निघालेले त्यांचे ९० खंडांचे समग्र साहित्य २०१३ मध्ये तीन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी तपासून काढले आणि ते आज मोफत उतरवून घेता येते.

फाइल उतरवली की पहिल्याच ओळीत आवृत्ती, खंड, संकेतस्थळ आणि उतरवल्याची तारीख लिहून ठेवा. रशियातली काही संकेतस्थळे इथून कधी उघडतात, कधी नाही. म्हणून ऐन तासाला थेट संकेतस्थळावर विसंबू नका, फाइल आधीच जवळ ठेवा.

आवृत्तीने असा काय फरक पडतो? कादंबरी तर तीच ना?

‘युद्ध आणि शांती’चेच बघा. १८७३ च्या आवृत्तीत टॉलस्टॉयनी फ्रेंच संवाद रशियनमध्ये आणले आणि इतिहासचिंतनाचा बराच भाग शेवटी परिशिष्टात नेला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये फ्रेंच परत आले. ‘उमराव किती फ्रेंच बोलतात’ हे मोजायला निघालात आणि हाती १८७३ ची संहिता पडली, तर उत्तर जवळपास शून्य येईल आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

प्रकरणांच्या क्रमांकांचाही घोळ असतो. रशियन आवृत्तीत चार खंड आणि उपसंहार असतात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावरच्या मॉड दांपत्याच्या इंग्रजी अनुवादात पंधरा ‘बुक्स’ आणि दोन उपसंहार आहेत. जुळणी अशी: खंड १ म्हणजे बुक १ ते ३, खंड २ म्हणजे ४ ते ८, खंड ३ म्हणजे ९ ते ११ आणि खंड ४ म्हणजे १२ ते १५. बोरोदिनोची लढाई रशियनमध्ये खंड ३ भाग २ मध्ये येते, इंग्रजीत बुक १० मध्ये. हा तक्ता वर्गाला पहिल्याच दिवशी द्या, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

रशियन येत नाही. इंग्रजी अनुवादावर काम केले तर चालेल?

पात्रे, स्थळे, घटनाक्रम, कोण कोणाशी बोलते, यासाठी चालेल. शैलीसाठी चालणार नाही. कॉन्स्टन्स गार्नेटच्या अनुवादांवर शब्दसंख्या काढली तर ती गार्नेटबाईंच्या इंग्रजीची असते. त्यांनी टॉलस्टॉय, दस्तयेव्हस्की आणि चेखव तिघांचेही अनुवाद केले आहेत, त्यामुळे तिघे एकमेकांच्या जवळ आल्याचा भास होतो. अक्षरओळख असेल तर मात्र थोडेफार मूळ रशियनवरही करता येते. पुढचा ‘व्द्रुग’चा सराव त्यासाठीच आहे.

गुटेनबर्गची फाइल घेतलीत तर सुरुवातीची सूचना आणि शेवटचा परवान्याचा लांबलचक मजकूर आधी कापा. नाहीतर चेखवच्या कथेत ‘गुटेनबर्ग’ आणि ‘लायसन्स’ हे ठळक शब्द म्हणून झळकतात.

फाइल उघडली की अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. फाइल खराब आहे का?

बहुधा नाही. जुन्या रशियन फाइली विंडोज-१२५१ किंवा कोई-८-आर या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या जुन्या पद्धतीत, असतात आणि आजची साधने यूटीएफ-८ गृहीत धरतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘एन्कोडिंग’, ‘कॅरॅक्टर सेट्स’, ‘सिरिलिक’ या क्रमाने जाऊन आधी विंडोज-१२५१ निवडा. मजकूर वाचता आला नाही तर कोई-८-आर निवडा. अक्षरे नीट दिसल्यावरच ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ करून जपा. चिन्हे बिघडलेली असतानाच रूपांतर करून जपले, तर मात्र फाइल खरोखर खराब होते. मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका.

शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही. असे का?

याची चार कारणे नेहमी आढळतात.

पहिले म्हणजे ‘यो’ हे अक्षर. छापील रशियनमध्ये त्यावरचे दोन ठिपके बहुतेक वेळा गाळतात, त्यामुळे एकच शब्द एका फाइलमध्ये ठिपक्यांसह तर दुसरीत ठिपक्यांविना असतो. काम सुरू करतानाच सगळे ‘यो’ साध्या ‘ये’मध्ये बदलून टाका. दुसरे, आघातचिन्हे. विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या मजकुरात स्वरावर तिरकी रेघ असते. ती स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवलेली असल्याने शब्द मधूनच तुटतो. तिसरे, १९१८ च्या सुधारणेपूर्वीचे लेखन, म्हणजे ‘यात’ हे तेव्हा गाळलेले अक्षर आणि व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी येणारे कठोर चिन्ह.

चौथे कारण सगळ्यात छळणारे. स्कॅनवरून ओळखलेल्या मजकुरात रशियन आणि रोमन अक्षरांची सरमिसळ होते. दोन्ही लिप्यांतली ‘ओ’, ‘आ’, ‘ये’, ‘एस’ ही अक्षरे दिसायला हुबेहूब, पण संगणकाच्या लेखी पूर्ण वेगळी. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: संपादकात नियमित अभिव्यक्तीचा (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नमुना देऊन शोधण्याचा) पर्याय चालू करून फक्त रोमन अक्षरे शोधा. फ्रेंच-जर्मन वाक्ये सोडून रशियन शब्दाच्या पोटात रोमन अक्षर सापडले की तो दोष समजा.

एकाच शब्दाची वेगवेगळी रूपे मोजणीत एकत्र कशी आणायची?

मराठीत ‘घर, घरात, घराला, घरी’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे आपण सहज ओळखतो, संगणकाला ते सांगावे लागते. रशियनमध्ये सहा विभक्ती, दोन वचने आणि वर क्रियापदांची रूपे. व्हॉयंट टूल्स हे शब्द मोजणारे लोकप्रिय मोफत साधन रूपे एकत्र करत नाही. त्यात दस्तयेव्हस्की जसाच्या तसा टाकला तर एकच नाम पाच-सहा ठिकाणी विखुरते आणि यादीत खाली घसरते.

प्रोग्रॅमिंगशिवायचा मार्ग असा. यूडीपाइप या शब्दांची मूळ रूपे काढून देणाऱ्या सेवेच्या पानावर जा, रशियन प्रारूप (मॉडेल) निवडा, मजकूर चिकटवा आणि चालवा. उत्तर तक्त्यात येते, एका ओळीत एक शब्द. दुसऱ्या स्तंभात मजकुरातले रूप, तिसऱ्यात मूळ रूप. तक्ता स्प्रेडशीटमध्ये घ्या, हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी काढा, तिसरा स्तंभ उचला आणि तोच व्हॉयंटमध्ये भरा. आख्खी कादंबरी एका दमात टाकू नका, प्रकरणाप्रकरणाने द्या. पायथन येत असेल तर पायमॉर्फी किंवा यांडेक्सचे मायस्टेम जास्त वेगवान.

चुका होणारच. ‘स्ताली’ हे रूप ‘झाले’ या अर्थाचे क्रियापदही असू शकते आणि ‘पोलादाचे’ही. नेहमीच्या शब्दांपैकी पन्नासेक नमुने हाताने तपासल्याशिवाय आकडा कुणाला दाखवू नये.

पात्रांच्या नावांचे काय? एकाच माणसाला पाच नावे असतात.

इथे यंत्रावर सोपवू नका, हाताने तक्ता करा. ‘गुन्हा आणि शिक्षा’ची नायिका सोफ्या सिम्योनव्ना मार्मेलादवा, सोन्या आणि सोनिच्का अशा तीन तऱ्हांनी येते. नायकाची बहीण दून्या म्हणजेच अव्दोत्या रमानव्ना. नायक रस्कोल्निकव, पण आईसाठी रोद्या. उलट पर्फीरी पित्रोविचला कादंबरीभर आडनावच नाही. नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम मराठी विद्यार्थ्याला समजावावा लागत नाही. घरगुती रूपे तेवढी शिकवावी लागतात.

खरी मेख आडनावात आहे. ‘रस्कोल्निकवा’ हे नायकाचे षष्ठीचे रूपही असते आणि त्याच्या आईचे वा बहिणीचे आडनावही. ‘मार्मेलादवा’चे तसेच: बापाची षष्ठी किंवा मुलीची प्रथमा. मुळापुढे तारांकन टाकून शोधले की दोघे एकात मिसळतात. अशा ओळी संदर्भासह बाहेर काढून एकेक वाचाव्या लागतात. अँटकॉन्क या शब्दशोधाच्या साधनातली संदर्भसूची, म्हणजे शब्द आजूबाजूच्या मजकुरासह दाखवणारी यादी, यासाठी उत्तम.

वर्गातला पहिला सराव कोणता घ्यावा?

‘व्द्रुग’ म्हणजे ‘अचानक’ हा शब्द घ्या. क्रियाविशेषण असल्याने त्याची रूपे बदलत नाहीत, म्हणून वर सांगितलेली विभक्तींची कटकट इथे नाही. ‘गुन्हा आणि शिक्षा’चे सहा भाग आणि उपसंहार अशा सात फाइली करा आणि अँटकॉन्कमध्ये शब्द शोधा. नुसती संख्या न घेता दर हजार शब्दांमागे किती हे काढा, कारण भाग सारख्या लांबीचे नाहीत. मग प्रत्येक विद्यार्थ्याला दहा ओळी वाटून द्या आणि विचारा: काय अचानक घडते? कोणी आत येते, कोणी बोलते, की डोक्यात विचार येतो? त्याच दहा जागा गार्नेटच्या अनुवादात शोधायला लावा. एकाच रशियन शब्दाला तिथे वेगवेगळे इंग्रजी शब्द आलेले दिसतात, काही ठिकाणी तो गळालेलाही असतो. दोन तासिकांत हे होते.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांना काही देता येईल?

मार्कवचा प्रयोग. गणितज्ञ आंद्रेय मार्कव यांनी १९१३ मध्ये पीटर्सबर्गच्या अकादमीत पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्य कादंबरीवरची मोजणी मांडली. पहिले प्रकरण आणि दुसऱ्यातली १६ कडवी मिळून २०,००० अक्षरे, सगळी हाताने मोजलेली. स्वर ८,६३८, व्यंजने ११,३६२. मार्कव साखळी (पुढची पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असलेली मालिका) म्हणून आज जी शिकवतात, तिचे हे पहिले मोठे उदाहरण. आता ते स्प्रेडशीटमध्ये पुन्हा करता येते.

मजकूर वर्डमध्ये घ्या. कडव्यांचे रोमन आकडे, गाळलेल्या कडव्यांची टिंबे, विरामचिन्हे, मोकळ्या जागा आणि ओळींचे शेवट काढून टाका. पहिल्या प्रकरणात ‘रोस्ट-बीफ’, ‘डँडी’ असे रोमन लिपीतले शब्द आहेत, तेही काढा. मृदू आणि कठोर चिन्हे (स्वतःचा उच्चार नसलेली दोन अक्षरे) मार्कवनी धरली नव्हती, तुम्हीही गाळा. ‘शोधा व बदला’ मध्ये विशेष पर्यायांतून ‘एनी कॅरॅक्टर’ शोधा आणि त्याजागी ‘फाइंड व्हॉट टेक्स्ट’ व त्यापुढे ‘पॅराग्राफ मार्क’ ठेवा. एका ओळीत एक अक्षर होईल. पहिली २०,००० अक्षरे स्प्रेडशीटच्या पहिल्या स्तंभात चिकटवा. दुसऱ्या स्तंभात स्वराला १, व्यंजनाला ०. रशियन स्वर दहा. छोटा ‘इ’ हे अक्षर व्यंजनात धरा. तिसऱ्या स्तंभात त्या ओळीचा आणि खालच्या ओळीचा गुणाकार. त्याची बेरीज म्हणजे स्वरामागून स्वर येणाऱ्या जोड्या.

मार्कवना अशा जोड्या १,१०४ मिळाल्या. अक्षरे एकमेकांशी संबंध न ठेवता आली असती तर सुमारे ३,७३० मिळायला हव्या होत्या. स्वरानंतर स्वर येण्याची शक्यता ०.१२८, व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३. जोड्या ‘शोधा’ची आज्ञा देऊन मोजू नका. तीन स्वर ओळीने आले तर जोड्या दोन होतात, शोध मात्र एकच मोजतो.

तुमचे स्वर ४३ टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. बरेच कमी आले तर पाहा: मृदू चिन्हे राहिली का, मोठ्या (कॅपिटल) अक्षरांतले स्वर सुटले का? प्रत्येक ओळ मोठ्या अक्षराने सुरू होते, त्यामुळे ही चूक अंगाशी येते. गंमत अशी की जुने लेखन घेतले काय आणि नवे घेतले काय, उत्तर जवळपास तेच राहते. ‘यात’च्या जागी ‘ये’ आला, स्वराला स्वर. आणि शब्दान्तीचे कठोर चिन्ह मार्कवनी आधीच वगळले होते.

नाटकांसाठी काय आहे?

ड्राकोर हा नाट्यसंहितांचा खुला प्रकल्प. त्यातल्या रशियन विभागात दोनशेहून अधिक नाटके आहेत. प्रत्येक नाटकाचे पात्रजाळे तयार मिळते, आकडेही उतरवता येतात. दोन पात्रे एकाच प्रवेशात बोलली की त्यांच्यात रेघ ओढली जाते, एवढाच नियम.

हा नियम लक्षात न ठेवल्याने निष्कर्ष चुकतात. गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’मध्ये पात्रांच्या ये-जा करण्यावरून प्रवेश बदलतात, म्हणून जाळे बारीक विणीचे येते. चेखवच्या ‘तीन बहिणी’ किंवा ‘चेरीची बाग’मध्ये अंकांच्या आत प्रवेशच नाहीत. सबंध अंक एकच तुकडा धरला जातो आणि सगळे सगळ्यांशी जोडलेले दिसतात. चेखवचा समाज घट्ट विणलेला होता असे कोणी त्यावरून लिहिले तर ती छपाईच्या रूढीची करामत आहे. एकमेकांचे न ऐकता बोलणारी ही माणसे, आणि जाळे म्हणते सगळ्यांचा सगळ्यांशी संवाद! शिवाय रंगमंचावर न येणारी पात्रे जाळ्यात नसतात. ‘तीन बहिणी’तला प्रतापोपव एकदाही दिसत नाही, पण घरातली सत्ता बहिणींची भावजय नताशा हिच्याकडे सरकत जाते त्यात त्याचा वाटा मोठा. वर्गाला जाळे छापून द्या आणि त्याला पेन्सिलीने कुठे बसवायचे ते ठरवायला सांगा. यावर हमखास वाद होतो, आणि तो व्हावा.

पीटर्सबर्गचा नकाशा कसा करावा?

गूगल माय मॅप्स पुरते. एका नकाशात दहा थर आणि दर थराला २,००० ओळी आयात करता येतात. स्प्रेडशीटमध्ये स्थळ, भाग-प्रकरण, अवतरण, अक्षांश, रेखांश असे स्तंभ करा आणि ‘निश्चित, अनुमान, काल्पनिक’ असा एक स्तंभ जरूर ठेवा. दस्तयेव्हस्की ‘गुन्हा आणि शिक्षा’च्या पहिल्याच वाक्यात गल्ली आणि पूल आद्याक्षरांनी देतो. त्यांची ओळख, म्हणजे स्तल्यार्नी गल्ली आणि ककूश्किन पूल, अभ्यासकांनी पटवलेली आहे, कादंबरीत लिहिलेली नाही.

नुसत्या नावावरून ठिकाण शोधू देऊ नका. नावे बदलली आहेत. कादंबरीच्या काळातला येकातेरिना कालवा आज ग्रिबायेदव कालवा आहे. नायकाच्या घरापासून सावकारीणबाईच्या घरापर्यंत नेमकी ७३० पावले आहेत. पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले तर ५११ मीटर. नकाशावरच्या मोजपट्टीने ते जुळते का, हे विद्यार्थ्यांना बघू द्या.

तारखा जुळत नाहीत, बारा दिवसांचा फरक येतो.

रशियात १९१८ पर्यंत जुनी (ज्युलियन) दिनदर्शिका होती. १९ व्या शतकात फरक १२ दिवसांचा, २० व्या शतकात १३. पुश्किनचे द्वंद्व २७ जानेवारी १८३७ ला, नव्या गणनेने ८ फेब्रुवारी. बोरोदिनो २६ ऑगस्ट १८१२, नव्याने ७ सप्टेंबर. टाइमलाइन करताना दोन्ही स्तंभ ठेवा आणि क्रम नव्या तारखेवर लावा. युरोपातून लिहिलेल्या पत्रांवर कोणती गणना आहे ते पत्रागणिक पाहावे लागते.

लेखकाची ‘शैली’ संगणक खरेच ओळखतो का?

नेहमीच्या बारीकसारीक शब्दांच्या प्रमाणावरून बऱ्यापैकी ओळखतो. आर या प्रोग्रॅमिंग भाषेतले स्टायलो हे पॅकेज त्यासाठी वापरतात. नमुना पाच हजार शब्दांपेक्षा लहान नको, त्यामुळे चेखवच्या छोट्या कथा एकेकट्या घेऊन उपयोग नाही, जोडून घ्याव्या लागतात. नाटक आणि कादंबरी एकत्र तोलू नका. लेखकाऐवजी साहित्यप्रकार वेगळा पडतो. विषय शोधणारी प्रारूपे वापरायची तर पात्रांची नावे आधी वगळा, नाहीतर ‘विषय’ म्हणून पात्रयादीच हाती येते.

चॅटबॉट आणि यांत्रिक भाषांतर वापरू द्यावे का?

व्याकरण उलगडायला, अवघड वाक्य फोडायला जरूर. अवतरणासाठी मुळीच नाही. ‘आम्ही सगळे गोगोलच्या ओव्हरकोटातून बाहेर आलो’ हे वाक्य दस्तयेव्हस्कीच्या नावावर सर्रास खपते. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. प्रसार झाला तो फ्रेंच समीक्षक व्होग्युए यांच्या लेखनातून. म्हणून नियम करा: भाग व प्रकरण मागायचे, रशियन वाक्य मागायचे आणि त्यातले चार सलग शब्द स्वतःच्या फाइलमध्ये शोधायचे. सापडले नाही तर अवतरण बाद.

भाषांतर थेट मराठीत करून घेतले तरी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तपासा. ‘येवगेनी अनेगिन’मधल्या तात्यानाच्या पत्राची सुरुवात ‘तुम्ही’ने होते आणि मध्येच ती अनेगिनला ‘तू’ म्हणू लागते. मराठीला हे सहज पेलते, पण यंत्र अनेकदा सगळीकडे एकच रूप लावून मोकळे होते.

वर्गात मजकूर वाटला तर कॉपीराइटचे काय?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि अनुवादकालाही तेच लागू. १९ व्या शतकातले लेखक मोकळे आहेत. गार्नेट १९४६ मध्ये आणि मॉड दांपत्य त्याआधी वारले, म्हणून त्यांचे अनुवादही मोकळे. पेव्हिअर आणि व्हलाखोन्स्की यांचे अलीकडचे अनुवाद मोकळे नाहीत. मराठी अनुवादांची मुदत अनुवादकाच्या निधनावरून मोजा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांनी केलेला टॉलस्टॉयचा अनुवाद आता खुला आहे. शिकवण्यासाठी उतारे देण्याची मुभा कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. आख्खे पुस्तक संकेतस्थळावर टाकणे त्यात बसत नाही.

जुना मराठी अनुवाद स्कॅन करून वापरता येईल?

येईल. ३०० डीपीआयला, करड्या छटांत स्कॅन करा आणि गूगल ड्राइव्हमध्ये डॉक्स म्हणून उघडा, किंवा टेसरॅक्ट या स्कॅनमधली अक्षरे ओळखणाऱ्या साधनाला मराठी भाषा द्या. जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार यांत चुका राहतात. रशियन नावे तर हमखास बिघडतात, कारण कोणत्याही शब्दकोशात ती नसतात. पात्रनावांचा तक्ता इथेही कामी येतो: एकेक नाव घेऊन त्याची बिघडलेली रूपे एकदमच बदलत जा.

सगळ्यांनी मिळून एकाच मजकुरावर टिपणे कशी काढायची?

हायपोथेसिस या साधनात खाजगी गट करा आणि सर्वांना एकच दुवा पाठवा. टिपणे पानाच्या पत्त्याला चिकटतात. कोणी तीच कथा दुसऱ्या संकेतस्थळावर उघडली तर त्याला गटाची टिपणे दिसत नाहीत. स्कॅन पीडीएफमध्ये यंत्राकडून अक्षरओळख (ओसीआर) झालेली नसेल तर मजकूर निवडताच येत नाही.

प्रबंधात संदर्भ कसा द्यावा? ई-पुस्तकाला पाने नाहीत.

समीक्षित आवृत्तीचा खंड आणि पान द्या, सोबत भाग व प्रकरण. दस्तयेव्हस्कीसाठी ३० खंडांची आवृत्ती, तिच्यात ‘गुन्हा आणि शिक्षा’ सहाव्या खंडात. टॉलस्टॉयच्या ९० खंडांत ‘युद्ध आणि शांती’ ९ ते १२ आणि ‘आन्ना कारेनिना’ १८ व १९. मोजणी दिली असेल तर वापरलेली फाइल, साधनाची आवृत्ती आणि वगळलेल्या शब्दांची यादी परिशिष्टात जोडा. ती यादी नसेल तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाला पुन्हा काढता येणार नाही.